कशा आवाजात

“तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणालात?” अधीक्षकांनी विचारलं.

“थांबा म्हणाले,” सिस्टर म्हणाली.

“कशा आवाजात?”

सिस्टरच्या डाव्या कानात शिट्टी वाजत होती. कुकरची शिट्टी निदान थांबते; ही थांबायचं नाव घेत नव्हती. अपघात विभागाच्या दारात, भर गर्दीत, एका धट्ट्याकट्ट्या गृहस्थाने तिच्या कानाखाली वाजवली होती, आणि चौकशी चालली होती ती तिच्या आवाजाची. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

झालं होतं एवढंच. गृहस्थाची आई बाथरूममध्ये घसरून पडली होती, मनगट मोडलं होतं आणि ती मोठमोठ्याने कण्हत होती. त्याच वेळी बाकाच्या टोकाला एक माणूस चकार शब्द न काढता बसला होता, घामाने डबडबलेला, छातीवर हात ठेवून. सिस्टरने त्याला आधी आत घेतलं. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, गप्प बसलेल्याकडे आधी धावायचं, हे या विभागात पहिल्या दिवशी शिकवतात. गृहस्थाला ते कोण शिकवणार? “तो आमच्यानंतर आलाय,” असं म्हणत त्याने हात उगारला, आणि नुसता उगारून ठेवला नाही.

“त्यांची आई आहे हो,” अधीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले. “माणसाचं डोकं फिरतं अशा वेळी. आपण सेवेत आहोत, आपण मन मोठं करायचं. बाहेर लोक मोबाईल काढून उभे आहेत. जा, चुकलं म्हणा आणि विषय संपवा.”

“सर, मला कान दाखवायचाय कुणाला तरी. नीट ऐकू येत नाहीये.”

“दाखवा की. ड्यूटी संपली की दाखवा.”

सिस्टरला इतका संताप आला की रडूही येईना. रस्त्यात मार खाल्लेला कुणी कान धरून इथे आला असता, तर तिनेच त्याला खुर्चीवर बसवलं असतं, टॉर्च लावून कान पाहिला असता, कानाच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं असतं. गणवेश अंगात असला की मात्र कान आपला राहत नाही, तो खुर्च्या-टेबलांबरोबर दवाखान्याच्या मालकीचा होतो.

ती पडद्याआड गेली. गृहस्थाची आई खाटेवर होती, मोडलेला हात फळीला बांधलेला. मघाशी तिला भोवळ आली होती, म्हणून हाड बसवण्याआधी डॉक्टरांनी बीपी पुन्हा घ्यायला सांगितलं होतं. मशीन शेजारच्या खाटेवर त्या गप्प माणसाला लावलेलं होतं आणि बाकी सगळे त्याच्याभोवतीच धावपळ करत होते. म्हणजे बीपी हातानेच घ्यायचं, फुगा दाबून, कानाने ऐकून. गृहस्थ उशाशी उभा होता. अधीक्षकही पडद्यापाशी येऊन थांबले, माफी आपल्या कानांनी ऐकायला.

“हं, बोला,” गृहस्थ म्हणाला.

सिस्टरने आईच्या धडक्या हाताला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानात घातला, हवा भरली, सोडली. शिट्टीपुढे काही म्हणता काही ऐकू आलं नाही. तिने पुन्हा करून पाहिलं. तेच. अंदाजाने आकडा ठोकून देणाऱ्यांतली ती नव्हती. असल्या आकड्यांनी माणसं जातात.

“किती आलं?” गृहस्थाने विचारलं.

“ऐकू येत नाही.”

“म्हणजे?”

“तुम्ही मारलंत तो कान वाजतोय. दुसऱ्या कानालाही त्यामुळे काही कळत नाही.” तिने स्टेथोस्कोप काढून त्याच्यापुढे धरला. “घ्या. आई तुमची आहे. तुम्हीच ऐका.”

“सिस्टर,” अधीक्षक एवढंच म्हणाले. पुढे येऊन स्टेथोस्कोप काही त्यांनी घेतला नाही. तेही डॉक्टरच, पण खुर्ची मिळाल्यापासून त्यांची ती सवय सुटली होती.

आईने मान वळवली. दारातलं सगळं तिने कण्हता कण्हता पाहिलं होतं.

“घे की रे,” ती मुलाला म्हणाली. “मघाशी हात चालवलास ना? आता कान चालव.”

त्याने स्टेथोस्कोप कसाबसा कानात घातला. सिस्टरने त्याची बोटं चकतीवर ठेवून ती आईच्या कोपराच्या खाचेत दाबली. स्वतः एका हाताने फुगा दाबू लागली, दुसऱ्या हाताची बोटं आईच्या नाडीवर ठेवली आणि नजर तबकडीच्या काट्यावर. “ऐकू आलं की सांगा,” ती म्हणाली. हवा हळूहळू सुटू लागली. गृहस्थाने डोळे मिटले.

“ठकठक येतंय,” तो म्हणाला. त्याचा आवाज आपोआप खाली आला होता. “येतंय. चांगलं येतंय. आता बारीक झालं.”

मग त्याने खाडकन डोळे उघडले. चेहरा पांढराफटक.

“थांबलं,” तो म्हणाला. “सिस्टर, थांबलं. आईचं थांबलं सगळं.”

तो आवाज सगळ्यांचाच थांबतो. पट्टा सैल पडला की रक्त मोकळं होतं आणि ठकठक बंद होते. ती सुरू झाली तिथे वरचा आकडा, थांबली तिथे खालचा. दोन्ही सिस्टरला मिळाले होते, आणि तिच्या बोटांखाली आईची नाडी खणखणीत चालू होती. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं.

तिने पट्टा सोडला. त्याची नीट घडी घातली. आकडा सांगायला डॉक्टरांकडे जायचं होतं, तशी ती पडदा सारून निघाली.

“सिस्टर,” गृहस्थाने मागून हाक मारली. आईचा हात त्याने दोन्ही हातांत घट्ट धरला होता. “अहो, काहीतरी सांगा ना.”

सिस्टर वळली. तिने आधी अधीक्षकांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“थांबा,” ती म्हणाली. दारात म्हणाली होती, अगदी त्याच आवाजात.