चौऱ्याण्णवावा नमुना

नवा प्रोसेसर आला होता आणि प्रोग्रामचं यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणाऱ्या कंपायलरला त्याची भाषा शिकवायचं काम तिच्याकडे होतं. त्यासाठी नमुने लिहायचे: डावीकडे प्रोग्राममध्ये काय आलं, उजवीकडे प्रोसेसरला कोणती आज्ञा द्यायची. बेरीज आली की ही, तुलना आली की ती. असे त्र्याण्णव नमुने तिने एकटीने, डोळ्यांत तेल घालून लिहिले होते.

भर दुपारी फाइलच्या तळाशी चौऱ्याण्णवावा दिसला. त्यातली आज्ञा प्रोसेसरच्या पुस्तकात कुठेच नव्हती.

तिने तो खोडला. फाइल पुन्हा उघडली, तर तो होताच.

"अगं, सगळ्या चाचण्या पास होतायत," तिचे वरिष्ठ म्हणाले. त्यांना सगळे दादा म्हणत. "राहू दे की. कशाला नसती उठाठेव?"

"दादा, मी न लिहिलेली ओळ माझ्या कामात राहणार नाही."

बाहेरून कोणी लिहीत असेल म्हणून तिने नेटवर्कची वायर उपटली आणि पुन्हा खोडला. तो पुन्हा आला. सातव्या खेपेला दादाही खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

या वेळी नमुना बदलला होता. डावीकडे बेरीज नव्हती, तुलनाही नव्हती. साध्या शब्दांत लिहिलं होतं: 'ती खोडते.'

उजवी बाजू कोरी होती.

"हात लावू नकोस," दादा पुटपुटले.

"का म्हणून? फाइल माझी आहे." तिचे कान तापले होते. तिने खोडायची कळ ठासून दाबली.

ओळ जागची हलली नाही. उजवीकडे एकेक अक्षर उमटू लागलं: 'ति', 'ला', 'खो'. दादा खुर्चीवरून ताडकन उठले.

तिने कळेवरचं बोट काढलं नाही.