पाचपैकी दोन

फोन टिणकन वाजला आणि काइरेची डुलकी मोडली. शाळेच्या समुपदेशक बाईंच्या खोलीत ती बसली होती, अंगात कोट तसाच. पडद्यावर शाळेच्या ॲपचा निरोप होता. लोरे, सातवी. गणित: पाचपैकी दोन, नापास. शेरा: कोरा कागद दिला.

"हे बघा," तिने फोन वाइकेबाईंपुढे धरला. "मी इथे पोरीच्या मार्कांबद्दल बोलायला येऊन बसलेय, आणि वरच्या मजल्यावर ती पुन्हा नापास झाली."

वाइकेबाईंनी हसायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. पूर्वी अडलेल्या मुलाला घेऊन त्या शाळेमागच्या तळ्याकाठी चक्कर मारायच्या. आता नवी प्रणाली आली होती. ती प्रत्येक मुलाची एक रेघ काढायची, रेघ घसरली की तिला लाल करायची, आणि लाल रेघांच्या आया एकामागून एक या खोलीत यायच्या. बाईंची हल्ली मुलांपेक्षा रेघांशीच जास्त ओळख होती. लोरेची रेघ हिवाळ्यापर्यंत चांगली वर होती, मग खाली खाली गेली.

हिवाळ्यातच काइरेला रात्रपाळी लागली होती. ती समुद्रापलीकडे, परदेशात, हेलसिंकीत म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला होती आणि पोर इथे त्युरी गावात आजीकडे. रात्रभर कुणाचे अंग पुसायचे, कुणाला कुशीवर वळवायचे, सकाळी खोलीवर येऊन पडायचे, आणि डोळा लागतो न लागतो तोच हे ॲप वाजायचे. आज ती पाळी संपवून तशीच बोटीत चढली होती. इकडे तिच्या देशात कर भरायला, मत द्यायला, काडीमोड घ्यायलासुद्धा खुर्चीवरून उठावे लागत नाही, सगळे संगणकावर होते. काइरेने काडीमोड तसाच घेतला होता. पोरीसाठी मात्र समुद्र ओलांडावा लागला.

"तिच्याकडे लक्ष द्यायला घरी कुणी आहे का?" बाईंनी विचारले. हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारायच्या.

"मी देते की लक्ष. दोन मिळाले रे मिळाले की झोपेतून उठून फोन लावते. एकदाही चुकवलं नाही, बाई. आधी रागावते. मग मलाच रडू येतं. मग समजावते, जेवलीस का विचारते, आजी बरी आहे का विचारते. अर्धा अर्धा तास जातो. पण फरक म्हणाल तर काडीचा नाही. लगेच पुन्हा दोन."

"मग तुम्ही झोपता कधी?"

"नाहीच झोपत."

बाईंना तिची खरोखर कणव आली. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "आपण लोरेला सोप्या अभ्यासक्रमात घालू. पुढे गिम्नॅशियमचं, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या वरच्या शाळेचं, दार बंद होतं, ते मी लपवत नाही. पण पोरगी सारखी सारखी नापास तरी होणार नाही. बाकी सगळं झालंय, फक्त तुमची सही हवी."

"तिचं गणित चांगलं होतं हो," काइरे म्हणाली. "मला हिशेब जमत नाही म्हणून चिडवायची मला. जहाजावर इंजिनियर होणार म्हणायची."

"मुलं बदलतात," बाई म्हणाल्या. दमलेली माणसे म्हणतात तसेच त्या म्हणाल्या. "आणि तुमची ही टिणटिणसुद्धा थांबवते मी. मार्क लगेच कळणार नाहीत, शुक्रवारी सगळे एकदम कळतील. नवी सोय आहे ही, तुमच्यासारख्यांसाठीच." त्यांनी एक कळ दाबली. "झालं. आता झोपा निवांत."

काइरेला इतके हलके वाटले की स्वतःचीच लाज वाटली. तिने ओळखपत्र लॅपटॉपच्या खाचेत सरकवले. सहीचा पिन काही केल्या आठवेना. आठवला, आणि तिने पहिले दोन आकडे दाबले, तेवढ्यात दार उघडून लोरे आत आली. बाईंनीच तिला वर्गातून बोलावले होते.

"आई? तू खरंच आलीस?"

तिचा चेहरा असा उजळला की बाईंना रागच आला. आत्ता कोरा कागद देऊन आलेली पोर, आणि हसते काय. तरी त्यांनी शांतपणे सगळे समजावून सांगितले. सोपी पुस्तके, वेगळा वर्ग. गिम्नॅशियम नाही, हेही सांगितले.

लोरेने खांदे उडवले. "चालेल. कर सही, आई." मग थोडे थांबून तिने बाईंना विचारले, "तिथेही दोन मिळतात ना?"

"छे गं. तिथे कुणालाच दोन मिळत नाहीत. आणि मिळालेच, तरी आता आईची झोप मोडायची नाही. तिची घंटी मी बंद केलीय."

लोरेचे हसू गेले. तिने पुढे होऊन आईचा हात कळांवरून बाजूला ओढला.

"नको. सही नको. बाई, ती घंटी परत चालू करा ना."

"अगं, पण का?" काइरे म्हणाली. "तुझे ते दोन बघून बघून जीव जातो माझा."

लोरे आईकडे बघत नव्हती. ती बाईंना म्हणाली, "पाच मिळाले की ती नुसता अंगठा पाठवते. दोन मिळाले की फोन करते."