स्वच्छ हात

"हात दाखव," जया म्हणाली.

तेजस्विनीने दोन्ही तळवे पुढे केले. मऊ, गोरे, नखे नीट कापलेली. पडवीतली मुले माना उंचावून पाहू लागली.

"स्वच्छ आहेत. अंगणात उभी राहा. हात वर."

मुले फिसकन हसली. "हिरडं येचाया ये की आमच्यासंगं!" सखू आतून ओरडली. "फुकाट मेंदी!"

आहुप्याच्या अलीकडच्या त्या डोंगरवाडीत उन्हाळा म्हणजे हिरड्याचा हंगाम. सुट्टी लागली की मुले सकाळीच आईबापांबरोबर रानात जात आणि शाळा उघडेपर्यंत शिकलेले विसरून बसत. म्हणून जया त्यांना दुपारी आपल्या पडवीत गोळा करी. हिरड्याने काळे पडलेले हात इथे चालत. तिच्या लहानपणी शाळेत ते चालले नव्हते. हंगामात रामनाथ गुरुजी रोज हात तपासत. "पुस्तकं घाण होतात," म्हणत आणि काळे हात वर करायला लावून दाराबाहेर उभे करत. बाहेरची मुले एकेक करून शाळा सोडून गेली. जया उभी राहिली.

तेजस्विनी गुरुजींची नात. पुण्याहून सुट्टीला आली होती. निवृत्तीनंतर वाडीतच राहिलेल्या गुरुजींनी तिला आपण होऊन जयाकडे पाठवले होते. जयाला वाटले, माणूस विसरला. आता त्याला आठवण करून द्यायची.

उन्हे कलताना गुरुजी काठी टेकत आले. अंगणात नात हात वर करून उभी होती.

"पोरीचा काय दोष, जया?"

"माझा काय व्हता, गुरुजी?"

शिकल्यापासून तिच्या तोंडी न आलेले ते 'व्हता' अंगणभर ऐकू गेले. गुरुजींनी मान खाली घातली आणि आल्या वाटेने निघून गेले. नातीला त्यांनी नेले नाही.

त्या रात्री जयाला शांत झोप लागली.

पण एवढ्याने तिचे समाधान होईना. गुरुजींचे जोडलेले हात तिला पाहायचे होते. ते आले नाहीत. तेजस्विनी मात्र रोज येत राहिली. रोज तळवे दाखवी आणि न सांगता अंगणात जाऊन उभी राही. जया मुद्दाम आवाज उतरवून शिकवू लागली. मागच्या मुलांची तक्रार आली, "ताई, आमाला बी ऐकू येत न्हाई." तिने मुलांना पुढे सरकवले, आवाज चढवला नाही.

एके दुपारी तिने मापांचे गणित घातले. पायली म्हणजे चार शेर, हे आदल्या दिवशीच सांगून झाले होते. "पाऊण पायली तांदूळ दोन घरांत सारखे वाटले. प्रत्येकाला किती?"

सखू बोटे मोजू लागली. कोणी छताकडे पाहिले. उत्तर येईना.

"दीड शेर," बाहेरून आवाज आला.

जया तडक अंगणात गेली. "पुण्यात कोण शेरानं मोजतं? कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. काल."

"एवढ्या लांबून ऐकू आलं?"

"आजोबा म्हणाले होते, 'बाई तुला बाहेर उभं करतील. करू देत. तू नुसतं ऐक. बाईसुद्धा दाराबाहेरूनच शिकल्या. आतल्या कोणालाच त्यांच्याइतकं येत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.'"

"माहीत होतं? मग मला आत का नाही घेतलं?"

तेजस्विनीचे दंड थरथरत होते.

"ते मला ठाऊक नाही, बाई. हे तुम्हाला सांगू नको, असंही ते म्हणाले होते. पण माझे हात फार दुखतात."