इराला काहीच येत नाही

“आई, मी तिकीट बघतोय,” शरत म्हणाला.

सुमा म्हैसूरला सरस्वतीपुरमच्या घरी ओट्यापाशी उभी होती. फोन डब्याला टेकवलेला. फोनमध्ये म्युनिकची खोली, आणि घरातसुद्धा जाकीट घालून बसलेला पोरगा.

“कधीचं?”

“दसऱ्याच्या आधीचं. इथं बोलायचं कुणाशी? मराठी मंडळात गेलो. बोलताना ‘बरं’ऐवजी दोनदा ‘सरी, सरी’ म्हणालो तर सगळे हसले. म्हणे, ही कुठली मराठी? कन्नडवाल्यांकडे गेलो तर ते विचारतात, घरी मराठी का बोलता?”

“जेवलास का?”

“आई!”

मागून शरतचे अप्पा, वेंकोजीराव ओरडले, “येऊ दे की त्याला! सुम्ने, उगाच कशाला अडवतेस?” त्यांनी तर पोराची गादीपण उन्हात घातली होती.

सुमानं गॅस बारीक केला. हासनच्या कॉलेजातून शरत दोन महिन्यांत परत आला होता. बेंगळूरच्या नोकरीवरून सहा महिन्यांत. दोन्ही वेळा तिनंच ‘ये’ म्हटलं होतं. दोन्ही वेळा तो महिनाभर मान खाली घालून जेवला. तिलाही तो घरी हवाच होता. पण या वेळी आला तर पुन्हा कधी उंबरा ओलांडणार नाही, याची तिला भीती होती.

“सरी, ये,” ती म्हणाली. “फक्त एक काम कर. येलवालच्या अंबुबाईंची इरा तिकडं आहे. आपल्यातलीच. एकटी आहे, तिला काही येत नाही बघ. तेवढं तिचं बस्तान बसवून दे, मग ये.”

“मलाच काही येत नाही. मी काय बसवू?”

“तुझ्याहून कमी येतं तिला.”

शरतनं तिकीट आठवडाभर पुढं ढकललं.

मग फोनवर नुसता इराचाच विषय.

“आई, इराक्का म्हणजे ना! माझ्याकडे आली आणि सगळा कचरा एकाच डब्यात टाकला. इथं चार डबे असतात. शेजारची म्हातारी भडकली. मला जर्मनमध्ये माफी मागावी लागली.”

“तुला येतं जर्मन?”

“मोडकंतोडकं. पण हसली म्हातारी.”

नंतर एकदा, “रविवारी दुकानं बंद असतात हेही माहीत नाही हिला! उपाशी होती. मी भाताचं चित्रान्न केलं.”

“तू?”

“मग काय अप्पांनी केलं?”

आणि मग, “आज परत रस्ता चुकली. ऑफिसातून निघून आणायला गेलो. एवढी मोठी बाई, अय्यो! पण बोलते अगदी आपल्यासारखं. तासभर हसत होतो आम्ही.”

त्याच्या अंगात जाकीट नव्हतं.

दसरा चार दिवसांवर आला. वेंकोजीरावांना राहवेना. त्यांनी फोन ओढून घेतला. “तिकिटाचं काय झालं रे?”

“आत्ता कसं येऊ, अप्पा? इराक्काला एकटीला सोडून?”

वेंकोजीरावांनी फोन ठेवला, गादीची गुंडाळी करून माळ्यावर टाकली.

दुपारी ते झोपल्यावर सुमानं इराला फोन लावला.

“त्याला संशय नाही ना आला?”

“अजून तरी नाही, मावशी. पण मी ड्यूटी बदलून मागितलीय. अकरा वर्षं ज्या लाइनवर ट्राम चालवतेय, त्याच लाइननं तो आता रोज ऑफिसला जायला लागलाय.”