पांढरा दोरा

धुनू मांझीने आढ्याला टांगलेले चारही दोरे खाली काढले. पांढऱ्या दोऱ्यावरून बोट फिरवता फिरवता त्याचा हात थांबला. दोऱ्याचं खालचं टोक गुळगुळीत लागत होतं.

"गाठी कुठे गेल्या?"

चुलीपाशी त्याची सून माइनो तापाने फणफणलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली.

दुमक्याच्या छावणीतून साहेबाचा सांगावा आला होता. सरकारला गावोगावची माणसं मोजायची होती. लिहिणारं गावात कुणीच नव्हतं. तेव्हा मांझीने, म्हणजे गावच्या मुख्याने, घरोघर फिरून आपल्या रीतीने गाठी मारल्या होत्या. काळा दोरा बाप्यांचा, तांबडा बायांचा, पांढरा पोरांचा, पिवळा पोरींचा. एका जिवाला एक गाठ. आज ते दोरे घेऊन निघायचं होतं.

"मी सोडल्या," कोपऱ्यातून साल्गेआजी म्हणाली. ही धुनूची आई, साऱ्या गावात वडील. "रोज सकाळी एक. तुम्ही विसरलात, म्हणून मीही विसरायचं की काय?"

"काय विसरलो?"

"लग्न रे! बोलावण्याचा दोरा घरात आला, की दिवसाला एक गाठ सोडायची. शेवटची सुटली, की ढोल घेऊन निघायचं. इथे चार घरची बोलावणी लटकताहेत, आणि तुझ्या सुनेने अजून हंडियाच्या दारूला भातसुद्धा आंबत घातला नाही."

"आणि चारांतला पांढराच बरा सापडला तुला?"

"या डोळ्यांना तेवढाच दिसतो, लेका."

एरवी धुनू पोट धरधरून हसला असता. पण माइनो उठून उभी राहिली होती.

"कधीपासून सोडताय, आजी?"

"अवसेपासून."

माइनोने पोराला छातीशी घट्ट धरलं. फागूला ताप भरला तो अवसेलाच.

"बाबा, यात माझ्या फागूची गाठ कुठली होती?"

"गाठीला नाव नसतं, पोरी. मी पुन्हा मारतो ना." धुनूने दोरा उचलला आणि तो तसाच उभा राहिला. सुटल्या त्या कुणाच्या आणि राहिल्या त्या कुणाच्या, हे त्यालाही सांगता येईना.

"तुम्ही नका मारू," माइनो म्हणाली. सासऱ्यापुढे तिने असा आवाज कधी काढला नव्हता. "दुसऱ्याच्या हातची गाठ, म्हणून सुटली. ज्याची त्याला मारू द्या."

धुनूने तिच्याकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन गावात हाक घालायला सांगितलं.

जुना पांढरा दोरा त्याने दारच्या सालवृक्षाला बांधला. त्यातल्या उरलेल्या गाठींना हात लावायची कुणाची छाती होईना. नवा दोरा अंगणात ताणून धरला आणि पोरं येऊ लागली. गुरांमागची आली, शेण लागल्या हातांनी आली, आयांच्या कडेवर बसून आली. एका आगाऊ पोराने दोन गाठी मारल्या. तिथल्या तिथे धुनूने त्याचा कान पिळला.

"दोन झालास, तर दोघांचा भात कोण घालणार रे तुला? चला, नवा दोरा आणा!"

पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. हसणं हळूहळू विरलं. दुष्काळाच्या सालानंतर गावात पोरं अशी उरलीच नाहीत, असं जो तो म्हणत आला होता. घरोघर फिरताना धुनूला ती एकेक, दोन-दोन दिसली होती. आज कुंपणापर्यंत पोरंच पोरं होती, आणि कुंपणाबाहेरूनही येत होती. बाया तोंडावर पदर धरून नुसत्या बघत राहिल्या. ही सगळी कुठे होती इतके दिवस?

सगळ्यांच्या शेवटी माइनो आली. तिने फागूच्या बोटांत दोरा दिला. बोटांना जोर नव्हता. वेढा पडला, पण गाठ आवळेना.

"मी ओढू का?" धुनूने विचारलं.

"नको."

फागूने खाली वाकून दोऱ्याचं टोक दातांत धरलं आणि मान मागे घेतली. गाठ बसली. घामाने आणि लाळेने ओली झालेली ती गाठ माइनोने बोटाने चाचपून पाहिली.

"तो साहेब सोडणार नाही ना, बाबा?"

"तो कसला सोडतोय! त्याला नुसतं मोजता येतं."

धुनूने धुतलेल्या कापडावर चारही दोरे ठेवले आणि ते दोन्ही तळव्यांवर घेऊन तो निघाला. वाटेवरची माणसं आपण होऊन बाजूला झाली. जो तो दोऱ्यात आपली गाठ शोधत होता, आणि ती कुणालाच ओळखता येत नव्हती.

साल्गेआजी भिंतीचा आधार घेत उभी राहिली. सारं गाव जिला वाकून जोहार करायचं ती म्हातारी, दोरे समोरून जाताना कमरेतून वाकली.

"अगं आजी, तू कुणाला वाकतेस?" कुणीतरी विचारलं.

"सगळ्यांना," ती म्हणाली. "असे एकदम पुन्हा कधी भेटणार?"

माइनोने फागूचा हात जोहाराला उचलायला धरला. पण तो तापलेला हात आधीच वर गेला होता.