शेजारची खुर्ची

बजाबाईंनी कानाशी नाव सांगितलं की कुंडलिकराव ते उच्चारण्याआधी किंचित थांबत. एक श्वास घेऊन सोडण्याइतकंच. समोरच्याला ते कळतही नसे. बजाबाईंना मात्र कळे.

"अक्कलकोटचा गुरप्पा," त्या पुटपुटल्या.

श्वासभर थांबून साहेब म्हणाले, "या गुरप्पा. घरची बरी हायत न्हवं?"

फेटेवाल्या म्हाताऱ्यानं एकदा बजाबाईंकडे पाहिलं. "व्हय साहेब, बरी हायत की," म्हणून तो बाजूला झाला.

सोलापूरच्या बंगल्याच्या अंगणात सकाळपासून कार्यकर्ते जमले होते. उमेदवाराचं नाव आज ठरायचं होतं. इतकी वर्षं आमदार, त्यातली कित्येक विधानसभेत पक्षाचे गटनेते. साहेबांखेरीज दुसरं नाव कुणाच्या मनातही नव्हतं. माणूस जुन्या वळणाचा. बायकांनी मंचावर मिरवू नये, हे त्यांनी भर सभागृहात ठासून सांगितलेलं.

आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनीच आपल्या शेजारी बायकोसाठी खुर्ची मांडायला लावली. हितं बसत जा, नावं सांगत जा, एवढंच बोलले. साहेबांचा कारभार आता पदराआडून चालतो, अशी विरोधकांनी टिंगल केली. तीही त्यांनी गिळली.

बजाबाई काय ते समजल्या. साहेबांना विसर पडू लागला होता. दोघं पुण्याच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा डॉक्टरांनी सगळे प्रश्न बजाबाईंनाच विचारले. घरचं माणूस खरं सांगतं, म्हणून विचारत असतील. त्यांनी सुचतील तशी उत्तरं दिली.  परतताना गाडीत साहेब म्हणाले, एवढी टर्म निघू दे, तोवर कुणाला कळू द्यायचं न्हाय.

बजाबाईंनी कळू दिलं नाही. पण विश्वासानं येणाऱ्या माणसांना आपण फसवतोय, हे त्यांना आत कुरतडत राही. सांगून टाकायचं असं कितीदा ठरवलं आणि कितीदा जीभ आवरली. आजही गप्प बसलं तर आणखी पाच वर्षं. एक दिवस भर सभागृहात साहेब अडखळतील आणि सगळं राज्य ते बघेल.

जिल्हाध्यक्ष आदिनाथ उठला. साहेबांच्या नावाला विरोध करायची छाती फक्त वहिनींची, असं म्हणून त्यानं हशा पिकवला.

बजाबाई उभ्या राहिल्या.

"साहेबांस्नी आता माणसं वळखू येत न्हाईत. मी नावं सांगते म्हणून निभावतंय. तुमच्यापास्नं लपवलं, ही माझी चूक. त्यांना उभं करू नका."

हसू थांबलं. पण कुणी चमकलं नाही. एकेकानं मान खाली घातली. म्हातारा आपल्या वहाणांकडे बघत राहिला.

कुंडलिकरावांनी बायकोचा हात धरून तिला खाली बसवलं. चारचौघांत तो त्यांनी आजवर कधी धरला नव्हता. मग ते समोर बघून बोलू लागले.

"मला समदी वळखू येत्यात. दोन वर्षं हिनं दिलेल्या भलत्या नावाला तुमी ओ दिली, लई उपकार झाले. एकटी घरी ठेवता येईना आन् मला खुर्ची सोडवंना, म्हणून हिला अशी संगं घेऊन हिंडलो. आता मी उभा राहनार न्हाय. हिच्यापाशी घरी बसनार."