सडपातळ दसरा

सुगंधाने सायकलीच्या पुढच्या पेटीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि ती मागे सरली. दर दसऱ्याला व्हायचं तेच झालं. धातू मेणासारखा मऊ पडला आणि सायकल कंपनीने ठरवलेला यंदाचा आकार घेऊ लागली. गेल्या वर्षी रुंद पेट्यांची फॅशन होती, म्हणून तर सासूबाईंना पेटीत बसवून डायलिसिसला नेता येत होतं. आता ती पेटी आक्रसत आक्रसत दांड्यात गडप झाली. उरली चकचकीत, काटकुळी सायकल आणि डब्यापुरती जाळी.

"अभिनंदन ताई, यंदा सडपातळ मॉडेल!" हँडलमधून आवाज आला.

"आग लागो तुझ्या फॅशनला! सासूला काय जेवणाच्या डब्यात भरून नेऊ?"

"पुढच्या दसऱ्याला रुंद पेटी परत येऊ शकते."

"शी!" सुगंधाने माळ ओरबाडून काढली.

उंबऱ्यावर बसलेल्या सासूबाई ओशाळल्या. "राहू दे गं आज डायलिसिस. सणाचा दिवस आहे."

"सणाचाच आहे. जे कामाला येतं, ते आज पुजायचं."

तिने दांड्यावर उरलेलं कुंकू बोटाने पुसून घेतलं, आपल्या दोन्ही पावलांना लावलं आणि सासूबाईंपुढे पाठ करून बसली.

"चला, गळ्याला धरा घट्ट."